भूतदया आणि हिशेब : भटक्या प्राण्यांचा प्रश्न व प्राणिसेवी संस्थांचे कार्य



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला गणित शिकवीत असत. त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानात भटक्या कुत्र्यांचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आमच्याच वर्गातील एका घटनेत आहे.

गोवा मुक्त होऊन आठ-नऊ वर्षे झाली होती. आमच्या वर्गातील एका मुलाला बाजारातील एका पिलाने बोटाला चावा घेतला. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात हे त्या काळी प्रत्येक मुलाला ठाऊक होते. त्या भीतीने त्याने घरी काही सांगितले नाही. जखम भरून आली. दीड-दोन महिन्यांनी त्याला ताप आला, पाण्याचा पेला समोर धरताच तो घाबरू लागला, आणि चार दिवसांत तो गेला. पुढच्या पंधरवड्यात गावातील झाडून सारी कुत्री मारण्यात आली. शाळेच्या पडवीत निजणारे, मधल्या सुट्टीत आमच्या डब्यातले खाणारे कुत्रेही त्यांत गेले. वर्ष-सव्वा वर्षाने पाहतो तो बाजारात पुन्हा जवळजवळ तितकीच कुत्री हिंडत होती! सरांनी एके दिवशी फळ्यासमोर उभे राहून आम्हांला विचारले, "मारणारे थकले, कुत्री काही संपली नाहीत. मग आपले गणित चुकले कुठे?"

वर्गात कोणालाही उत्तर देता आले नाही. ते मला मिळायला पुढे कित्येक वर्षे गेली. आज मी ते उत्तर मांडण्याचा यथामती प्रयत्न करणार आहे.

निराश्रित प्राणी येतात कोठून?

२०१९ च्या पशुगणनेनुसार आपल्या देशात सुमारे १ कोटी ५३ लक्ष भटकी कुत्री होती. २०१२ च्या गणनेत हा आकडा १ कोटी ७१ लक्ष होता. रस्त्यावरच्या प्राण्यांची शिरगणती करणे फार अवघड असते, त्यामुळे हे आकडे ढोबळ मानावेत. तरीही प्रश्न केवढा आहे, हे त्यांवरून ध्यानात येते.

ही कुत्री तीन वाटांनी रस्त्यावर येतात. बहुसंख्य रस्त्यावरच जन्मलेली असतात. काही नावापुरती पाळलेली असतात : दारात भाकरी मिळते, परंतु लस, साखळी किंवा निर्बीजीकरण यांची जबाबदारी कोणीच घेत नाही. तिसरा वर्ग हौसेने आणून नंतर टाकून दिलेल्या प्राण्यांचा. मालकाची बदली झाली, कुत्रे आजारी पडले, मादी व्याली की रात्री गाडीत घालून मासळी बाजारापाशी किंवा देवळाच्या आवारात सोडून द्यायचे, ही रीत आपल्या परिचयाची आहे. मांजरांच्या बाबतीत तर ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

रस्त्यावरचे आयुष्य किती खडतर असते, हे सहसा कोणी मोजत नाही. पश्चिम बंगालमधील एका पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तेथे रस्त्यावर जन्मलेल्या पिलांपैकी अवघी १९ टक्के वयात येईपर्यंत जगली, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पिलांच्या मृत्यूस माणूसच या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. म्हणजे मादी पाच पिलांना जन्म देते ती चार पिले मरण्यासाठीच, असे म्हणण्याची पाळी येते. जन्मसंख्या कमी करणे म्हणजे हे मरण कमी करणे होय. प्राणिसेवी संस्थांचे सारे कार्य या एका वाक्याभोवती उभे आहे.

रोगाचे स्वरूप

रेबीज, म्हणजे आपल्या बोलीत पिसाळण्याचा रोग, विषाणूमुळे होतो. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून तो जखमेत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचतो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. परंतु लक्षणे दिसण्यापूर्वी वेळेवर लस घेतली तर रोग तितक्याच खात्रीने टळतो. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या रोगाने दगावतात असा अंदाज आहे, आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. आपल्या देशापुरता अगदी अलीकडचा अंदाज वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे.

पोटात घ्यावयाची ती जुनी चौदा इंजेक्शने, म्हणजे मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी लस, भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात टोचतात. सरकारी दवाखान्यांतील प्रचलित पद्धतीत पहिला दिवस धरून तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी लस देतात. जखम खोल असेल तर जखमेतच प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते. माझ्या वर्गमित्राला ज्या भीतीने गप्प बसविले, ती भीती बाळगण्याचे आज कारण उरलेले नाही. दुर्दैवाने लोकांच्या मनातून ती अद्याप गेलेली नाही.

मारून प्रश्न का सुटला नाही?

कुत्री मारण्याचा उपाय नवा नाही. इंग्रजी अमदानीत मुंबईत भटक्या कुत्र्यांच्या डोक्यामागे आठ आण्यांचे बक्षीस होते. जून १८३२ मध्ये शिपायांनी पारशी वस्तीत कुत्री मारावयास सुरुवात केली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहराचे व्यवहार ठप्प झाले. त्यानंतरही विष, काठी आणि विजेची पेटी ही साधने अनेक शहरांत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वापरात राहिली. कुत्री मात्र तेवढीच राहिली.

याचे कारण साधे आहे. कोणत्याही वस्तीत किती कुत्री जगू शकतील, हे तेथील उकिरडे, खाटिकखाने, बाजार आणि घरोघरचे शिळे अन्न यांवर ठरते. शंभरांपैकी साठ मारली तर उरलेल्या चाळिसांच्या वाट्याला अधिक अन्न येते, त्यांची पिले अधिक जगतात, आणि शेजारच्या भागातील कुत्री मोकळ्या झालेल्या जागेत शिरतात. शिवाय कुत्रे आपला टापू राखणारे प्राणी आहे. जुनी कुत्री गेली की नव्या येणाऱ्यांत मारामाऱ्या वाढतात. अशा मारामाऱ्यांत चावे होतात आणि चाव्यांतून रोगही पसरतो. मारलेल्यांत लस टोचलेली कुत्री असतील, तर आपणच उभारलेली भिंत आपण पाडली असे होते.

अन्न वाढले की कुत्री वाढतात, याचा मोठा दाखला गिधाडांच्या ऱ्हासात मिळाला. १९९० च्या दशकात गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. दरम्यान गिधाडांनी फस्त करावयाची मृत गुरे माळावर पडून राहू लागली आणि ती कुत्र्यांच्या तोंडी गेली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९९२ ते २००६ या काळात त्यामुळे कुत्र्यांची संख्या सुमारे ५५ लाखांनी वाढली आणि रेबीजचे ४७ हजारांहून अधिक जादा मृत्यू झाले. सरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. आपण वजाबाकी करीत होतो, पण बेरीज कोठून होते ते पाहत नव्हतो.

नवी पद्धत आणि तिचे टप्पे

मद्रास येथील ब्लू क्रॉस ऑफ इंडिया या १९५९ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९६४ पासून मारण्याऐवजी निर्बीजीकरण आणि लसीकरण यांचा पुरस्कार सुरू केला. महानगरपालिकेला हा विचार पटावयास तीन दशके लागली. दरम्यान १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुत्र्यांच्या संख्येच्या व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. पुढे केंद्र सरकारने २००१ साली श्वान-जन्मनियंत्रणाचे नियम केले आणि त्यांची जागा २०२३ मध्ये नव्या नियमांनी घेतली. या नियमांनुसार हे काम स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतः किंवा प्राणी कल्याण मंडळाच्या मान्यताप्राप्त संस्थांकडून करवून घ्यावयाचे असते.

कामाचे टप्पे असे आहेत. प्रथम वॉर्डवार गणना होते. मग प्रशिक्षित माणसे जाळ्याने किंवा हातांनी कुत्री पकडतात, आणि प्रत्येक कुत्रे कोणत्या गल्लीतून आणले याची नोंद ठेवतात. पशुवैद्य तपासणी करून भूल देतात. मादीचे गर्भाशय व अंडाशय आणि नराचे वृषण शस्त्रक्रियेने काढले जातात. त्याच वेळी रेबीजची लस टोचतात आणि भुलीत असतानाच कानाला एक लहानशी खाच पाडतात. रस्त्यात असे खाचेच्या कानाचे कुत्रे दिसले, तर त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली आहे असे समजावे. नंतर किमान चार दिवस देखभाल करून जखम भरल्यावर त्याला जेथून आणले तेथेच सोडतात.

"तेथेच का?" हा प्रश्न हटकून विचारला जातो. ते कुत्रे आपला टापू राखते आणि नव्या कुत्र्यांना आत येऊ देत नाही. त्याला स्वतःला पिले होत नाहीत आणि ते रोगही पसरवीत नाही. त्याला परक्या वस्तीत नेऊन सोडले तर तेथे भांडणे लागतात, आणि त्याच्या मूळ जागी निर्बीजीकरण न झालेले दुसरे कुत्रे येते.

लस व शस्त्रक्रिया या दोहोंची सांगड का, तेही पाहू. वस्तीतील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस टोचलेली असली की रोगाची साखळी तुटते. परंतु दरवर्षी नवी पिले जन्मतात, ती लस न टोचलेली असतात, आणि हे प्रमाण घसरते. जन्म थांबले की एकदा गाठलेले प्रमाण टिकते. म्हणून लस ही आजची तरतूद आणि शस्त्रक्रिया ही उद्याची तरतूद समजावी.

जयपूर आणि गोवा

जयपूर येथील हेल्प इन सफरिंग या संस्थेने १९९४ च्या अखेरीपासून शहराच्या एका भागात हे काम सातत्याने केले. २००२ पर्यंत २४,९८६ कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण झाले. वस्तीतील सुमारे ६५ टक्के माद्यांपर्यंत हे काम पोहोचले, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली, आणि त्या भागातील माणसांमधील रेबीजचे रुग्ण शून्यावर आले. एकाही कुत्र्याला विष न घालता हे साधले. परंतु त्यासाठी आठ वर्षे खपावे लागले, हेही विसरू नये.

दुसरे उदाहरण आपल्या घरचेच आहे. गोव्यात प्राणिसेवी संस्था पूर्वीपासून शस्त्रक्रिया व शुश्रूषा यांचे काम करीत होत्या. २०१३ नंतर मिशन रेबीज ही संस्था, राज्य सरकार आणि स्थानिक संस्था यांनी एकत्र येऊन लसीकरणाची मोठी मोहीम हाती घेतली. जाळी घेतलेली पथके गल्लीगल्लीतून फिरली. प्रत्येक कुत्र्याची नोंद भ्रमणध्वनीवर होई, त्यामुळे कोणता वाडा राहून गेला ते त्याच दिवशी कळे. वर्षाकाठी ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस टोचून ७० टक्क्यांचे प्रमाण गाठण्यात आले. शिवाय दरवर्षी सुमारे दीड लाख शाळकरी मुलांना चाव्यापासून बचाव कसा करावा, हे शिकविण्यात आले. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांमधील मृत्यू थांबले. २०२१ साली गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. आमच्या वर्गातील ते रिकामे बाक आठवणाऱ्या माणसाला ही वार्ता वाचून काय वाटले असेल, ते वेगळे सांगावयास नको. अर्थात नियंत्रित म्हणजे कायमचे निर्मूलन नव्हे. राज्याची सीमा कुत्र्याला कळत नाही. लस टोचणे ज्या वर्षी थांबेल, त्याच वर्षी ही भिंत ढासळू लागेल.

आश्रयस्थाने आणि दत्तकयोजना

प्राणिसेवी संस्था म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आश्रयस्थान उभे राहते. ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईचे पांजरापोळ १८३४ चे, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८३ चे. आजही मोटारीखाली सापडलेले कुत्रे, विहिरीत पडलेले मांजर, खरजेने केस झडलेले पिलू यांच्यासाठी धावून जाणारे स्वयंसेवक गावोगावी आहेत. पिले आणि माणसाळलेले प्राणी यांच्यासाठी ते घर शोधतात. चांगल्या संस्था घर देण्यापूर्वी कुटुंबाची चौकशी करतात, लस व निर्बीजीकरण यांची अट घालतात आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहतात.

तथापि आश्रयस्थान हे रुग्णालयासारखे असावे, कोठारासारखे नव्हे. दाटीवाटीने कुत्री ठेवली की साथीचे रोग पसरतात, मारामाऱ्या होतात, आणि रोजच्या अन्नाच्या खर्चातच संस्थेचा पैसा संपून शस्त्रक्रियेसाठी काही उरत नाही. एका कुत्र्याला आयुष्यभर सांभाळण्याच्या खर्चात कित्येक माद्यांच्या शस्त्रक्रिया होऊ शकतात. वाचविलेला एक जीव डोळ्यांना दिसतो. न जन्मलेली, म्हणून भुकेने न मेलेली पिले मात्र दिसत नाहीत. देणगीदारांना पहिले काम अधिक भावते. प्रश्न सोडविण्याची शक्ती मात्र दुसऱ्या कामात अधिक आहे.

विरोधकांचे म्हणणे

ज्यांच्या मुलाचा चेहरा कुत्र्याने फाडला, त्यांच्यापुढे भूतदयेचे व्याख्यान देणे हा उद्धटपणा होय. त्यांचा रोष खरा आहे. अनेक शहरांत निर्बीजीकरण कागदोपत्री झाले, किंवा इतके तुटपुंजे झाले की त्याचा काही उपयोग झाला नाही. वस्तीतील एक-तृतीयांश कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करून थांबणे म्हणजे तळाला भोक असलेली घागर भरीत बसण्यासारखे आहे. पद्धत चुकीची नसते, ती अर्धवट राबविलेली असते; परंतु चावा खाणाऱ्याला या भेदाने दिलासा मिळत नाही.

२०२५ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ११ ऑगस्टच्या आदेशाने दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री आश्रयस्थानांत हलविण्यास सांगण्यात आले. २२ ऑगस्ट रोजी त्यात बदल झाला : निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांपुरता वेगळा विचार झाला. तेथील कुत्री हलवावीत आणि पुन्हा तेथे सोडू नयेत, असे न्यायालयाने सांगितले. शाळेच्या आवारापुरते पाहिले तर पहिली जबाबदारी मुलांची आहे, हे कोणीही मान्य करील. पण कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर निर्बीजीकरण झाले नाही, तर कुंपणाच्या आतली शांतता फार दिवस टिकणार नाही.

आपण काय करावे?

नामदेवांची गोष्ट आपण बालपणी ऐकली आहे. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. ती वाटी आपल्या संस्कृतीचे भूषण आहे. आजच्या काळात मात्र त्या वाटीबरोबर आणखी काही कर्तव्ये येतात. जो खाऊ घालतो त्याने आपल्या गल्लीतील माद्यांची नोंद ठेवावी, संस्थेला कळवावे, पकडण्यास साहाय्य करावे. ज्या कुत्र्याला आपण रोज हाताने भरवतो, ते आपल्याच हाती सहज लागते. खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळापासून आणि जाण्या-येण्याच्या वाटेपासून दूर असावी, असे नियमही सांगतात. घरी कुत्रे-मांजर पाळावयाचे असेल तर विकत घेण्यापूर्वी आश्रयस्थानात एक फेरी मारावी, आणि पाळल्यावर शस्त्रक्रिया टाळू नये. उकिरडा झाकलेला असावा. उघडा उकिरडा हेच भटक्या कुत्र्यांचे खरे पोषण होय.

आपल्या शाळेपुरती माझी एक सूचना आहे. दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडताच प्रत्येक वर्गात एक तास या विषयासाठी द्यावा. मुलांना एवढेच शिकवावे : खाणाऱ्या, निजलेल्या किंवा पिले पाजणाऱ्या कुत्रीजवळ जाऊ नये. कुत्रे अंगावर आले तर पळू नये, स्तब्ध उभे राहावे. चावा लागला, ओरखडा उठला, अगदी लहानशा पिलाचा असला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरी सांगावे. सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही, हे आश्वासन मुलांना आपण वडीलधाऱ्यांनी द्यावे.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर आता पुरे करतो. आमचे गणित दोन ठिकाणी चुकले होते. जन्म न मोजता आम्ही मृत्यू मोजले, आणि एका वर्षाच्या कामाने कायमचे फळ मिळेल असे मानले. ज्या संस्था हे दोन्ही ओळखून, गवगवा न करता, वर्षामागून वर्षे गल्लीगल्लीतून हिंडतात, त्या केवळ प्राण्यांची सेवा करीत नाहीत. बोटाला झालेला चावा भीतीने लपवून ठेवणाऱ्या एखाद्या मुलाचेही त्या रक्षण करतात.

त्या मुलाच्या आणि गुरुवर्यांच्या स्मृतीस अभिवादन करतो.